घरात मांजर आहे आणि कुत्रा येतोय: दोघांची ओळख कशी करून द्यायची

कुत्रा दत्तक घ्यायचं ठरलं की घरात दोन गोष्टींवर चर्चा रंगते: त्याचं नाव काय ठेवायचं आणि तो झोपणार कुठे. आधीपासून घरात राहणाऱ्या मांजराचं मत कुणी विचारत नाही. मग कुत्रा दारातून आत येतो, मांजर सोफ्यावरून त्याला पाहतं, आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात जे होतं ते निस्तरायला कधी कधी महिने जातात. मांजर घाबरून पळतं, कुत्रा मागे धावतो. मांजराच्या मागे धावण्यात काय मजा आहे हे त्याला एकदा कळलं की ती सवय मोडणं महाकठीण. या लेखातली बरीचशी खटपट त्या पहिल्या पाठलागाची वेळच येऊ नये यासाठी आहे.

त्याआधी अपेक्षा जरा खाली आणू. दोघं एकाच गादीवर मिठी मारून झोपलेत, असे फोटो सगळ्यांनीच पाहिलेले असतात. तशा जोड्या जमतातही, पण ते धरून चालायचं नाही. आपल्याला हवंय ते एवढंच: मांजर खोलीतून चालत गेलं तर कुत्र्यानं मान वर करून पाहावं आणि पुन्हा खाली ठेवून झोपावं. थोडक्यात, कुत्र्याला मांजर कंटाळवाणं वाटायला हवं. हे डोक्यात पक्कं असलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. कुत्रा मांजराजवळ जाऊन हुंगतोय म्हणून शाबासकी द्यायची नाही, तो मांजरावरून नजर काढून आपल्याकडे वळला की द्यायची.

बहुतेक घरांत हे जमतं. तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन्ही प्राणी असलेल्या घरांचा अभ्यास केला होता, तो 2008 साली प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास दोन तृतीयांश घरांत दोघांचं बऱ्यापैकी जुळलेलं दिसलं. मांजर आधी घरात आलेलं असणं आणि दोघांची ओळख लहान वयात होणं, या दोन्ही गोष्टी पथ्यावर पडतात असंही त्यातून पुढे आलं. तुमच्या घरात मांजर आधीच आहे, म्हणजे त्यातली एक गोष्ट आपोआप झाली.

कुत्रा निवडताना

पाठलाग करणं हा कुत्र्याचा दुष्टपणा नव्हे. नजर रोखणं, दबा धरणं, धावणं, पकडणं, झटकणं ही शिकारीची साखळी त्याच्यात उपजतच असते. माणसानं जाती घडवताना त्यातल्या वेगवेगळ्या कड्या पक्क्या केल्या. मेंढ्या राखणाऱ्या बॉर्डर कॉलीमध्ये नजर रोखणं आणि दबा धरणं ठळक असतं, ग्रेहाउंडमध्ये धावणं, टेरिअरमध्ये पकडून झटकणं. तरी जातीवरून शेवटचा निकाल देऊ नका. मांजरांसोबत सुखानं राहणारे ग्रेहाउंड असतात आणि मांजर दिसताच वेडे होणारे लॅब्रडोरही असतात.

जातीपेक्षा त्या एका कुत्र्याबद्दल जेवढं कळेल तेवढं विचारून घ्या. तो आधी मांजर असलेल्या घरात राहिला आहे का? फिरायला नेल्यावर रस्त्यात मांजर दिसलं तर काय करतो? आणि सर्वांत महत्त्वाचं, त्या क्षणी हाक मारली तर त्याला ऐकू जाते का? भुंकून, उड्या मारून, मग खाऊ दाखवल्यावर वळणारा कुत्रा शिकवता येतो. आवाज न करता ताठ उभा राहून टक लावणारा आणि नाकासमोर खाऊ धरला तरी न हलणारा कुत्रा पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यानं मांजर असलेल्या घरात आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही निवारागृहांत कुत्र्याला मांजर दाखवून चाचणी घेतात. तिचा उपयोग होतो, पण मर्यादित. निवाऱ्यातला कुत्रा बऱ्याचदा दबलेला, थकलेला असतो, खरा स्वभाव घरी रुळल्यावर बाहेर येतो. दत्तक कुत्र्यांच्या बाबतीत तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ ठोकताळा सांगतात: पहिले तीन दिवस तो बावरलेला असतो, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळतं, तीन महिन्यांत घर आपलं वाटू लागतं. म्हणून चौथ्या दिवशी "किती शांत आहे हो हा, मांजराकडे बघतसुद्धा नाही" असं वाटलं तरी दोघांना वेगळं ठेवणारं गेट काढून टाकू नका.

मांजराचाही विचार हवा. सांधे दुखणारं म्हातारं मांजर आणि चार महिन्यांचं उधाणलेलं पिल्लू ही जोडी मांजराच्या दृष्टीनं शिक्षाच. अशा घरात मोठ्या वयाचा, निवांत कुत्रा बरा.

कुत्रा येण्याआधी घर लावून घ्या

मांजराला जमिनीला पाय न लावता खोली पार करता यायला हवी. कपाटाचा माथा, भिंतीवरची फळी, खिडकीचा कठडा, टेबल, जे असेल ते एकमेकांपासून उडीच्या अंतरावर आणा. म्हाताऱ्या मांजरासाठी मध्ये एखादा स्टूल किंवा पायरी ठेवा. पलंगाखालचा कोपरा ही लपायची चांगली जागा वाटते, पण तिथून बाहेर पडायला एकच वाट असेल तर तो सापळाच. लपायच्या प्रत्येक जागेला दुसरी वाट हवी.

एक खोली अशी ठेवा जिथे कुत्रा कधीच जाणार नाही. मांजराचं खाणं, पाणी, अंथरूण आणि लिटर बॉक्स, म्हणजे त्याची शी-शूची पेटी, तिथे. लिटर बॉक्सच्या संख्येचा नेहमीचा हिशेब मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त असा आहे, आणि कुत्रा असलेल्या घरात तो खरंच पाळावा. कुत्र्यांना मांजराची शी खायची भारी हौस असते. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण त्यातून जंत होतात, आणि गोळा होणारी लिटरची माती पोटात गेली तर आतडं तुंबू शकतं. शिवाय बॉक्समध्ये बसलेल्या मांजरासमोर एकदा जरी कुत्रा येऊन उभा राहिला, तरी ते पुढे गालिच्यावर जायला लागू शकतं.

या खोलीच्या दाराला बेबी गेट लावा, म्हणजे लहान मुलांना अडवायला दारात बसवतात ते बुटकं फाटक. मांजरासाठी छोटी झडप असलेलं गेट मिळतं. नसेल आणि कुत्रा मोठा असेल, तर साधं गेट जमिनीपासून वितभर वर बसवलं तरी चालतं: मांजर खालून सरपटत जातं, कुत्रा अडकतो. लहान कुत्र्याच्या बाबतीत ही युक्ती अर्थातच फसते.

हे सगळे बदल कुत्रा यायच्या एक-दोन आठवडे आधी करा. लिटर बॉक्स दुसऱ्या खोलीत न्यायचा असेल तर तोही आधीच. सगळं एकाच दिवशी बदललं तर मांजराला कशाचा त्रास होतोय हेच आपल्याला कळत नाही.

बारीकसारीक गोष्टी: खिडक्या आणि बाल्कनीला जाळी आहे ना ते पाहा, कारण घाबरलेलं मांजर एरवी घेणार नाही अशी उडी घेतं. मांजराची नखं कापून घ्या. मांजराचा पंजा नेमका कुत्र्याच्या डोळ्यावर बसतो आणि बुबुळाला इजा होते, पगसारख्या बाहेर आलेल्या डोळ्यांच्या कुत्र्यांना तर जास्तच. कुत्र्यासाठी साधी, ठरावीक लांबीची लीश (हातात धरायची दोरी) आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घ्या. दोरी सुटत जाणारी लांब लीश या कामासाठी निरुपयोगी, कारण गरज असते त्याच क्षणी ती सुटत राहते.

डॉक्टरांकडे आधी, आणि एका औषधापासून जपून

नवा कुत्रा मांजराजवळ न्यायच्या आधी व्हेटना दाखवा. लसीकरण झालंय का, जंताचं औषध दिलंय का, त्वचा स्वच्छ आहे का. मांजराच्या नावानं ओळखली जाणारी पिसू कुत्र्याच्या अंगावरही तेवढ्याच आनंदात राहते. गजकर्ण दोघांना आणि तुम्हालाही होतं. कुत्र्यांच्या खोकल्याला कारण असणारा बोर्डेटेला हा जिवाणू मांजरालाही लागू शकतो. मांजराच्या लसी राहिल्या असतील तर त्याही याच वेळी उरकून घ्या.

आता जे सांगतोय ते घरातल्या प्रत्येकाला सांगा. कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांवरच्या काही औषधांमध्ये, विशेषतः मानेवर टाकायच्या थेंबांमध्ये, परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराच्या यकृताला ते निकामी करता येत नाही. मांजराला चुकून लावलं तर झालंच, पण औषध लावलेल्या कुत्र्याला मांजरानं अंग घासलं किंवा त्याला चाटलं तरी विषबाधा होऊ शकते. लाळ गळणं, अंग थरथरणं, झटके येणं ही लक्षणं. असं काही दिसलं तर वाट न बघता मांजराला आणि औषधाच्या पाकिटाला घेऊन दवाखाना गाठा. मुळात मांजर असलेल्या घरात परमेथ्रिन आणूच नये. डॉक्टरांना "घरात मांजर आहे" एवढं सांगितलं की ते दुसरं औषध लिहून देतात.

खाण्याची ताटंही वेगळी. मांजराच्या खाण्यात प्रथिनं आणि चरबी जास्त असल्यानं कुत्रे त्यावर तुटून पडतात आणि मग पोट बिघडवून घेतात. म्हणून मांजराचं ताट उंचावर. उलट बाजूनं, मांजर अधूनमधून कुत्र्याच्या ताटात तोंड घालत असेल तर बिघडत नाही, पण तेच त्याचं जेवण होऊ देऊ नका. मांजराला अन्नातून टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं. ते पुरेसं मिळालं नाही तर हृदय आणि डोळ्यांचा पडदा यांवर परिणाम होतो, आणि कुत्र्याच्या खाद्यात ते मांजराला पुरेल इतकं असेलच असं नाही.

पहिले दिवस: दार बंद

कुत्रा घरी यायच्या आधी मांजर त्याच्या खोलीत, दार लावलेलं. कुत्र्याला आणल्या आणल्या आधी बाहेर चालवून आणा, मग लीशवरच घर फिरवून दाखवा, आणि शेवटी त्याच्या जागेवर न्या. मांजराशी भेट आज नाही, उद्याही नाही.

कोंडायचं कुणाला? कुत्र्याला. घर मांजराचं आहे, त्याचा वावर शक्य तितका मोकळा राहू द्या आणि कुत्र्याला एका खोलीत किंवा घराच्या एका भागात ठेवा. दोघांना आळीपाळीनं मोकळं सोडता येतं: कुत्रा बाहेर फिरायला गेला की मांजराला पूर्ण घर, मांजर त्याच्या खोलीत जेवत असलं की कुत्र्याला दिवाणखाना.

हा टप्पा किती दिवसांचा? दोघंही नेहमीसारखं खायला, झोपायला, शी-शू करायला लागेपर्यंत आणि बंद दाराशी तासन् तास रेंगाळणं थांबेपर्यंत. कुठे तीन दिवस, कुठे दोन आठवडे. मांजर लपून बसलं तर ओढून काढू नका, बसू द्या. पण त्याचं ताट रोज तपासा. चोवीस तासांहून अधिक काळ मांजरानं काहीच खाल्लं नसेल तर डॉक्टरांना फोन करा. लठ्ठ मांजरांमध्ये उपासमारीनं यकृतात चरबी साचून गंभीर आजार होतो. बोका लिटर बॉक्समध्ये पुन्हा पुन्हा बसून जोर करतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं, तर ती त्याच तासाला दवाखान्यात जायची वेळ. मांजरांच्या मूत्राशयाचे त्रास ताणानं उफाळतात आणि बोक्यांमध्ये मूत्रमार्ग पूर्ण तुंबू शकतो.

वास आधी, चेहरा नंतर

एक स्वच्छ फडकं घ्या, मांजराच्या गालांवरून आणि हनुवटीवरून फिरवा. तिथल्या ग्रंथींचा वास मांजर स्वतःच दाराच्या चौकटीला, टेबलाच्या पायाला आणि तुमच्या पोटरीला लावत फिरत असतं. ते फडकं कुत्र्याच्या खोलीत ठेवा. कुत्र्यानं हुंगून सोडून दिलं तर त्याला खाऊ द्या. तो फडकं तोंडात धरून झटकायला लागला तर ते शांतपणे काढून घ्या आणि मनात नोंद करून ठेवा.

कुत्र्याच्या अंगावरून फिरवलेलं फडकं मांजराच्या खोलीत ठेवायचं ते ताटापासून दूर, एका कोपऱ्यात. अगदी अंथरुणात नको. फडक्याला बघून मांजर फिस्कारलं तर ते आणखी लांब न्या. दोन दिवसांनी त्याच फडक्यावरून ते बेफिकीर चालत गेलं की समजायचं, पुढे जायला हरकत नाही. मग खोल्यांची अदलाबदल: कुत्रा बाहेर असताना मांजराला त्याची खोली हुंगून येऊ द्या, आणि उलट.

आता दोघांची ताटं बंद दाराच्या दोन्ही बाजूंना. सुरुवातीला दारापासून चांगली दोन-तीन मीटर दूर, रोज थोडी जवळ. पलीकडच्या वासाचा अर्थ "जेवण आलं" असा व्हायला हवा. एखाद्या दिवशी कुणी जेवायचं टाळलं तर ताट पुन्हा मागे सरकवा.

याच दिवसांत कुत्र्याची शिकवणी सुरू करा, मांजर समोर नसताना. तीन गोष्टी पुरेत: नाव घेतलं की तुमच्याकडे वळणं, "सोड" म्हटलं की जमिनीवरचा खाऊ सोडणं, आणि "जागेवर" म्हटलं की आपल्या चटईवर जाऊन बसणं. मांजर समोर असताना या गोष्टी पहिल्यांदा शिकवायला गेलात तर कुत्र्याच्या कानावर शब्दही पडणार नाहीत.

गेटवरची भेट

पुढच्या सगळ्याचा पाया इथे घातला जातो, म्हणून घाई केलीत तर इथेच अंगाशी येतं.

माणसं दोन हवीत. एक कुत्र्याकडे, लीश हातात पण सैल; एक मांजराच्या बाजूला, हात मोकळे. गेटवर आधी चादर टाका आणि रोज थोडी थोडी वर घ्या, म्हणजे एकदम पूर्ण दर्शन होत नाही. वेळ अशी निवडा की कुत्रा फिरून, मनसोक्त हुंगून आलेला आहे. चेंडूमागे धावून तापलेला कुत्रा मात्र नको, तो थकलेला दिसतो पण डोक्यानं अजून मैदानातच असतो. खाऊ नेहमीचा कोरडा नको, उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे किंवा त्याला जे सर्वांत आवडतं ते.

कुत्रा गेटपासून किती लांब? जिथून तो मांजर पाहतो आणि तरी तुमच्या हातातला खाऊ घेतो, तेवढा लांब. काहींसाठी ते दोन मीटर असतं, काहींसाठी खोलीचं दुसरं टोक. तो खाऊ घेईनासा झाला, किंवा बोटांसकट ओढून घ्यायला लागला, तर तुम्ही फार जवळ आहात.

आता बघायचं काय ते नीट सांगतो, कारण गोष्टी सेकंदाभरात घडतात. मांजर गेटच्या पलीकडे स्टुलावर येऊन बसलं. कुत्र्याचे कान पुढे आले. इथपर्यंत ठीक. पुढचं तोंडावर बघा: हापत असलेलं तोंड मिटलं. श्वास थांबल्यासारखा झाला. वजन पुढच्या पायांवर आलं, शेपटी पाठीच्या रेषेत ताठ. हेच ते सेकंद. इथे नाव घेतलं आणि तो वळला, तर लगेच शाबासकी आणि खाऊ. दोनदा नाव घेऊनही नाही वळला, तर लीशला झटका न देता त्याच्या आणि मांजराच्या मध्ये उभे राहा, त्याला घेऊन चार पावलं मागे या आणि तिथून पुन्हा सुरू करा. आमच्या कुत्रीचं तोंड मिटणं ही माझ्यासाठी घंटाच झाली होती. उजवा कान अर्धा वळून तोंड पुन्हा उघडलं, की हातातला तुकडा तिच्या तोंडात गेलेला असायचा. काही दिवसांनी गंमत अशी झाली की मांजर दिसताच ती माझ्याकडे बघायला लागली, हिशेब चुकता करा म्हणून. हवं ते नेमकं हेच.

मांजराचं वाचन वेगळं. कुत्र्याच्या शेपटीवरून लावलेले अंदाज इथे लावू नका: मांजराची डावी-उजवीकडे फटकारणारी शेपटी म्हणजे चीड. कान मागे चपटे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, अंग आकसलेलं, म्हणजे आज पुरे. बाजूला पाठ करून बसणं, डोळे अर्धे मिटून सावकाश उघडणं, अंग चाटायला लागणं ही चांगली चिन्हं. मात्र एकाच जागी घाईघाईनं दोन-चारदा जीभ फिरवणं ताणाचंही असू शकतं, तेव्हा बाकी अंगाकडेही पाहा. मांजर आलंच नाही तर? नाही आलं तर नाही आलं. खाऊ दाखवून बोलवा, उचलून आणू नका.

एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा. सगळं छान चाललेलं असताना थांबा. "अजून थोडं बघू" या मोहापायीच बहुतेक भेटी बिघडतात.

कुत्रा गुरगुरला किंवा मांजर फिस्कारलं तर ओरडू नका. ते "लांब राहा" असं सांगतायत, आणि तुम्हाला ऐकू आलंय. गुरगुरण्यावर ओरडा बसलेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो. शिवाय मांजर दिसलं की घरातली माणसं चिडतात, एवढाच धडा त्याच्या डोक्यात बसतो.

एकाच खोलीत, लीशवर

गेटवर एक आख्खा आठवडा कंटाळवाणा गेला की गेट उघडा. कुत्रा लीशवर, आपल्या चटईवर, शक्यतो चघळायचं काहीतरी घेऊन. मांजर मोकळं, वर चढायच्या वाटा खुल्या, खोलीबाहेरचं दार त्याच्यासाठी उघडं. मांजराला हातात धरून कुत्र्यासमोर नेऊ नका. घाबरलेलं मांजर तुमच्या छातीवरून उडी मारतं, तुमचा हात फाटतो आणि कुत्र्याला पळणारं मांजर बघायला मिळतं.

बसलेल्या मांजराकडे कुत्रा दुर्लक्ष करू लागला म्हणजे काम झालं असं नाही. खरी परीक्षा हलत्या मांजराची. चालणारं मांजर, मग कपाटावरून उडी मारणारं, मग खोलीच्या टोकाला दोरीच्या खेळण्यामागे पळणारं, अशी पायरी पायरीनं वाढवा. प्रत्येक नव्या पायरीला कुत्र्याचं अंतर आधी वाढवून घ्या.

मोठ्या कुत्र्याबद्दल थोडी जरी शंका असली तर जाळीदार मझल (तोंडाला बांधायची जाळी) घाला, ज्यात तोंड उघडून हापता आणि पाणी पिता येतं. त्याची सवय आधी, खाऊ देत देत, काही दिवस लावायची. पण मझल घातलाय म्हणून लीश सोडू नका. मझल दात अडवतो, धडक अडवत नाही.

लीश जमिनीवर

यानंतर लीश कुत्र्याच्या अंगावरच, पण तिचं दुसरं टोक जमिनीवर लोळतं. पाठलाग सुरू झाला तर टोकावर पाय द्यायचा, बस. पहिल्या दिवसांत तुम्ही खोलीत फक्त याच कामासाठी बसलेले असा, फोन बाजूला.

कुत्रा पुढचे पाय पसरून, मागचा भाग वर करून खेळायला बोलावतो. कुत्र्याची सवय नसलेल्या मांजराला ते निमंत्रण बऱ्याचदा कळत नाही, त्याला समोर वाकलेला शिकारी दिसतो. चांगले दिवस आले तर दोघं खरंच खेळतील. तो खेळ ओळखायची खूण म्हणजे पाळ्या बदलतात: कधी हा पळतो, कधी ते, आणि मांजर सुटल्यावर परत स्वतःहून येतं. पळणारा प्रत्येक वेळी एकच असेल तर खेळ थांबवा, कुत्रा कितीही खूश दिसत असला तरी.

पिल्लू आणलं असेल तर एक सूचना. सहा महिन्यांच्या पुढे वयात येताना बरीच पिल्लं शिकलेलं विसरल्यासारखं वागतात. लीश पुन्हा लावावी लागेल, वैतागू नका.

घरी कुणी नसताना

दोघांना एकत्र सोडून बाहेर जाणं ही सगळ्यात शेवटची गोष्ट. कित्येक आठवडे एकही पाठलाग नाही, मांजर दिवसाढवळ्या जमिनीवर आडवं झोपतंय, कुत्रा झोपेतून उठला तरी ते जागचं हलत नाही, असं चित्र दिसेपर्यंत नाही. रात्री झोपतानाही तोच नियम. मोठा कुत्रा आणि लहान मांजर असलेली कितीतरी घरं वर्षानुवर्षं बाहेर जाताना दार लावतात, आणि माझ्या मते त्यात काहीच कमीपणा नाही.

गाडी अडली तर

पाठलाग झालाच, तर लीशवर पाय द्या, कुत्र्याला शांतपणे त्याच्या खोलीत न्या आणि मांजराला एकटं सोडा. दुसऱ्या दिवशी दोन पायऱ्या मागून सुरुवात.

कुत्र्यानं मांजराला तोंडात धरलं असेल तर जखम दिसो न दिसो, डॉक्टरांकडे न्या. झटकल्यानं आत मार बसतो आणि वरून केसांखाली काही दिसत नाही. मांजर कुत्र्याला चावलं असेल तर ते बारीक भोक वरून बुजतं आणि आत पू होतो, तेही दाखवून घ्या. डोळा मिचकावणारा कुत्रा त्याच दिवशी.

आणि काही जोड्या जमत नाहीत. महिन्याभराच्या नीट मेहनतीनंतरही कुत्रा गेटपाशी ताठ उभा राहून थरथरत असेल, खाऊकडे बघतही नसेल, किंवा मांजर कपाटावरून खालीच उतरत नसेल, अंगावरचे केस चाटून चाटून घालवत असेल, तर प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास असलेल्या तज्ज्ञाला बोलवा. त्यानंही नाही सुटलं तर ज्यांच्याकडून कुत्रा आणला त्यांच्याशी मोकळेपणानं बोला. मांजर नसलेल्या घरात हाच कुत्रा सुखानं राहील. लोक काय म्हणतील म्हणून दोघांना वर्षभर बंद दारांआड ठेवणं हा त्या दोघांवर अन्याय आहे.

सगळं जमलेल्या घरांसाठी दोन गोष्टी उरतात. घरच्या मांजराशेजारी लोळणारा कुत्रा रस्त्यावरच्या मांजरामागे जीव तोडून धावू शकतो, आणि अंगणात धावत सुटलेलं घरचं मांजरही त्या क्षणी त्याला परकं वाटू शकतं, म्हणून बाहेर लीश कायम. आणि मांजर दवाखान्यातून परत आलं की त्याच्या अंगाला औषधांचा, दुसऱ्या प्राण्यांचा वास येत असतो. त्या दिवशी कुत्रा त्याला नव्यानं हुंगायला धावतो आणि दुखऱ्या मांजराला ते अजिबात नको असतं. बेबी गेट माळ्यावर टाकलं असेल तर खाली काढा, आणि एक-दोन दिवस लावून ठेवा.